चौथं चाक

पस्तीस किलोमीटर झाले आणि स्टिअरिंग थरथरायला लागलं. आधी वाटलं, रस्ता खराब असेल. पुढे रस्ता गुळगुळीत झाला तरी थरथर तशीच.

"ताइस्तो, गाडी हलतेय."

"शिशाचा तुकडा पडला असेल एखादा," माझा नवरा शेजारच्या सीटवरून म्हणाला. "चाकाचा तोल गेलाय, बाकी काही नाही. चालव तू."

आमच्या उत्तर फिनलंडात ऑक्टोबरात उन्हाळी चाकं उतरवून बर्फावर पकड घेणारी खिळ्यांची चढवायची, आणि आमच्या अंगणात ती ताइस्तोनंच चढवायची. गॅरेजला चाकं देणाऱ्या शेजाऱ्याला तो ऐतखाऊ म्हणतो. शेडमध्ये त्यानं स्वतः दांडा बसवलाय. त्यावर चाक फिरवायचं, जड बाजू खाली आली की तोल साधायला तिच्या विरुद्ध बाजूला शिशाचा तुकडा चिकटवायचा. यंदा उन्हाळ्यात त्याला अर्धांगाचा झटका येऊन गेला. उजवा हात बराचसा सावरला, पण गाडी चालवायला डॉक्टरांनी बंदी केली. चाकं तेवढी उरली होती. ती मी कुठल्या तोंडानं काढून घेणार? आज सकाळी त्यानंच चढवली.

"आजी, गाडी नाचतेय!" मागून विल्मा खिदळली. आमची चार वर्षांची नात. तिला शहरात आईकडे पोचवायला निघालो होतो.

इथं गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात; समोरून, डाव्या हाताला, ओंडक्यांचा ट्रक आला. तो शेजारून जाताना गाडी डावीकडे, त्याच्याच अंगावर ओढली गेली. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून ठेवलं.

"मी थांबवते."

"या निसरड्या बर्फावर? मागून कोणी ठोकलं म्हणजे? दरवर्षी चाकं चढवल्यावर पन्नास किलोमीटरनं नटांना पाना लावून बघतोच ना मी! पंधरा तर राहिले."

"मागे पोर बसलीय, ताइस्तो."

"माझ्या हातावर भरवसा नाही, असं सरळ सांग की."

खरंच नव्हता. चाळीस वर्षांत पहिल्यांदा नव्हता. त्याचं मला इतकं वाईट वाटलं की आणखी दोन किलोमीटर मी मूर्खासारखी तशीच रेटली. मग खालून टकटक ऐकू यायला लागली. बसथांब्याची मोकळी जागा दिसली तशी वेग कमी करत करत गाडी आत घेतली.

उतरून पुढचं डावं चाक पाहिलं. पाचांतला एक नट गायब. उरलेले चार नुसत्या बोटांनी फिरत होते. मी तिथंच गुडघ्यांवर बसले.

सकाळी तीन चाकं झाली होती. चौथ्याचे नट हातानं बसवून त्यानं गाडी जॅकवरून उतरवली आणि पाना उचलणार, तेवढ्यात मीच खिडकीतून ओरडले, "कॉफी झाली!" गार कॉफी त्याला चालत नाही. पूर्वी कॉफी पिऊन आल्यावर तो पाना लावायचं विसरला नसता. निम्मी चूक माझी, पण हे ऐकून त्याला कसला दिलासा मिळणार होता?

गाडीचं दार वाजलं. तो येताना दिसला तशी मी चाक झाकत म्हणाले, "शिसंच पडलंय बघ."

"सरक."

वाकून त्यानं एका नटाला बोट लावलं. नट फिरला. मग डिकीतून पाना आणून त्यानं स्वतःच लावला, अंगाचा भार टाकला. पाना उजव्या हातातून निसटून बर्फावर पडला. त्यानं तो उचलला नाही.

"जॅक लाव," तो म्हणाला. "चाक नीट बसू दे. मग एक सोडून एक आवळ. एकच नट एकदम पूर्ण नको."

मी तसंच केलं. काचेआडून विल्मा हात हलवत होती, मीही हलवला. शेवटचा नट घट्ट झाला तशी उठले. "झालं. चल, बस आता."

"झालं कसलं," माझ्याकडे न बघता तो म्हणाला. "बाकीची तीनही मीच लावलीत. तीही बघ."