दुरुस्तीच्या यादीत नसलेला नकाशा

ऑफिसात मला सगळे भोचक म्हणतात, आणि खोटं कशाला बोलू, मी आहेच. तीस वर्षं नकाशे सांभाळतोय. कुठली वाट कुठे जाते हे विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्यामुळे बंद खोलीतल्या सरावाला नकाशा पसरायला बोलावलं, तेव्हा मी धावतच गेलो.

सराव असा: शेजारी देशाचं सैन्य आत घुसलंय आणि त्याला अडवायला आपण एक छोटा अणुबाँब टाकायचा. तोही आपल्याच हद्दीत, ओसाड माळावर. म्हणजे त्यांना उलट बाँब टाकायला निमित्त नको.

"छोटा म्हणजे केवढा हो, मॅडम?" मी शास्त्रज्ञ बाईंना विचारलं.

त्यांनी कंपासने वर्तुळ काढलं, चहाच्या बशीएवढं. "एवढ्यात काही उरत नाही. विषारी धूळ पुढे कुठवर जाईल ते वाऱ्यावर."

"आणि मग ते खरंच थांबतील?"

"तेच बघायला तर बसलोय," मोठे साहेब हसून म्हणाले.

मलाही बघायचंच होतं. म्हणून नकाशावर वाकलो. वर्तुळाच्या मधोमध माझ्या ताईचं गाव होतं. म्हणजे असायला हवं होतं. धरणात जुनं गाव बुडालं तेव्हा, बारा वर्षांपूर्वी, सगळ्यांना याच माळावर वसवलं. नकाशावर मात्र नुसते दगडांचे ठिपके.

"अहो साहेब, इथे माझी सख्खी बहीण राहते! नऊ हजारांची वस्ती आहे. नकाशा दुरुस्तीची चिठ्ठी मीच सगळ्या खात्यांना पाठवली होती."

"या खोलीला पाठवलीत?"

कशी पाठवणार? ही खोली इतकी गुप्त, की कुठल्याच यादीत नाही. मी कपाळावर हात मारला. "पण हा नकाशा सरावापुरताच ना?"

बाईंनी चष्मा काढून पुसला. "खऱ्या योजनेतही हाच आहे," त्या म्हणाल्या.

मी लाल शाई मागवली आणि तिथल्या तिथे ताईचं गाव काढलं. शाळा, दवाखाना, पाण्याची टाकी, काही सोडलं नाही. साहेबांनी वर्तुळ खोडलं.

"बरं झालं बोललात. आता दुसरी मोकळी जागा तुम्हीच दाखवा. तुमच्याइतकी माहिती कुणाला आहे?"

ताई वाचली या आनंदात मी लगेच बोट ठेवलं. "इथे घ्या की, साहेब. पूर्वेला. इथे कुणी नाही."

बाईंनी कंपास उचलला, तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं मी काय बोलून बसलो ते. पूर्वेच्या त्या माळावर मी जन्मात पाय ठेवला नव्हता. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"थांबा. मी आधी तिथे जाऊन येतो."

"अहो, मोकळंच तर दिसतंय," साहेब म्हणाले.

"ताईचं गावही मोकळंच दिसत होतं, साहेब."

"बोट काढा," साहेबांचा आवाज चढला.

मी काढलं नाही. बाईंनीही कंपास टेबलावर ठेवून दिला.