कोपऱ्यापर्यंतची गाडी

मिस्त्रीने मोटरसायकलच्या प्लगला पाना लावून अर्धा वेढा दिला आणि पाना हातात नुसता फिरतच राहिला. आवळेचना. त्याने पाना बाजूला ठेवला आणि प्लग दोन बोटांनीच उपसून काढला. प्लगला गुंडाळून ॲल्युमिनियमची बारीक, चकचकीत तार बाहेर आली.

"आटे गेले इंजिनाच्या हेडचे," तो म्हणाला. "कोणी आवळला हा?"

"मीच," स्टुलावर बसलेले काका म्हणाले.

"कुस्ती खेळत होतात का त्याच्याशी?"

"सैल राहू नये म्हणून जरा जास्त..."

काकांचा जन्म कापडाच्या दुकानात कापड मोजण्यात गेलेला. बोटं अजूनही तशीच स्वच्छ होती, फक्त उजव्या अंगठ्याच्या नखात काळं जाऊन बसलं होतं. भर दुपारी ते गाडी ढकलत आले होते. शर्ट पाठीला चिकटला होता. मिस्त्रीने पाणी पुढे केलं तर म्हणाले, आधी गाडी बघा.

मिस्त्रीने प्लग उजेडात धरला. टोकावर काजळीचा थर.

"ही गाडी कुठे जातच नाही," तो म्हणाला. "इंजिन तापायच्या आत तुम्ही बंद करता. मग काजळी धरते. मग तुम्ही प्लग काढून पुसता आणि परत जीव खाऊन आवळता. लोखंडाचा प्लग, ॲल्युमिनियमचं हेड. किती दिवस सोसेल ते? पोराला द्या की चालवायला."

"त्याचीच आहे," काका म्हणाले. "गेला तो. तापाचं निमित्त झालं. उन्हाळा सरता सरता गेला."

मिस्त्रीने प्लग खाली ठेवला. तोंडाला येईल ते बोलायची त्याची खोड जुनी, आणि दर वेळी नंतर तो असाच ओशाळायचा.

"मग विकून टाका ना काका," तो हळू म्हणाला. "नवीन हेड मागवायचं तर आठवडा जाईल. कशाला तो त्रास?"

"आठवडा नको. उद्या सकाळी पाहिजे मला."

"सकाळी कुठे जायचंय?"

काका अंगठ्याच्या नखातलं काळं खरवडू लागले.

"त्याच्या आईला कळतच नाहीये हो," ते म्हणाले. "तो गेल्यावर अन्नाला शिवत नव्हती. एक दिवस सकाळी मी गाडी सहज चालू केली. पडून पडून खराब नको व्हायला म्हणून. कोपऱ्यापर्यंत गेलो न् आलो. बघतो तर ही ताट वाढून घेऊन बसलेली. मला म्हणाली, गेला ना वेळेवर? मी काय बोलणार? म्हटलं, गेला."

"आणि मग?"

"मग रोजच. ती डबा भरते, हँडलला अडकवते आणि आत जाते. मी त्याचं हेल्मेट घालतो, कोपऱ्यावर जाऊन गाडी बंद करतो आणि मागच्या गल्लीने ढकलत आणतो. येताना आवाज होऊन चालत नाही. आवाज झाला तर तिला वाटेल, आला. मग मी कुठून आणू त्याला?"

मिस्त्री फडक्याला हात पुसत राहिला. हात केव्हाच पुसून झाले होते.

"आणि डबा?"

"मीच खातो, कोपऱ्यावर बसून. भाजीत मीठ नसलं तरी सांगायची सोय नाही." काका किंचित हसले, पण ते हसू टिकलं नाही. "काल गाडी चालू झाली नाही. आजही नाही. दोन्ही दिवस ती डबा मांडीवर घेऊन दारात बसून राहिली. त्याला उशीर होतोय, गाडीचं काहीतरी बघा, एवढंच म्हणत होती. तिने घास खाल्ला नाही. परत पहिल्यासारखं झालं तर ती जगायची नाही, मिस्त्री."

मिस्त्रीने दुसऱ्या गिऱ्हाइकाची स्कूटर भिंतीला सरकवून ठेवली.

नवे आटे कातायच्या टॅपच्या खाचांत त्याने ग्रीस भरलं, म्हणजे कातलेला चुरा ग्रीसला चिकटेल, आत इंजिनात पडणार नाही. टॅप भोकावर सरळ उभा धरला. पाव वेढा पुढे, थोडा मागे, बाहेर काढून पुसायचा, नवं ग्रीस, परत पाव वेढा. घाई केली तर टॅप तिरका जातो आणि मग देवही ते हेड वाचवू शकत नाही. एरवी काम करताना त्याचं तोंड सतत चालू असायचं. आज तो फक्त वेढे मोजत होता. मोठ्या झालेल्या भोकात त्याने पोलादी बुश बसवला. त्याला आतून आटे होते, प्लगच्या मापाचे. नवा प्लग त्याने रबरी नळीच्या तुकड्यात खोचला आणि नळी बोटांनीच फिरवत आत उतरवला.

"असा लावायचा," तो म्हणाला. "तिरका जायला लागला तर नळीच घसरते, जबरदस्ती करता येत नाही. पाना फक्त शेवटी. हे आटे आता पोलादाचे आहेत, काका. तुमच्या-माझ्यानंतरही राहतील."

काकांनी नळीचा तुकडा मागून घेतला आणि खिशात ठेवला.

सकाळी मिस्त्रीला राहवलं नाही. गाडी थंड असताना कशी चालू होते ते बघायला म्हणून तो काकांच्या घरासमोर जाऊन उभा राहिला. काकू डबा घेऊन बाहेर आल्या, हँडलला अडकवला, टाकीवरची धूळ पदराने पुसली आणि आत गेल्या. काकांनी किक मारली. एका किकेत इंजिन धडधडलं, आणि गाडी कोपऱ्याकडे गेली.

मिस्त्री चालत कोपऱ्यावर पोचला तेव्हा काका दगडावर बसून डबा उघडत होते. त्यांनी अर्धा त्याच्यापुढे केला.

"मीठ आहे आज," ते म्हणाले.

परत जाताना दोघांनी मिळून गाडी ढकलली. मागच्या गल्लीत घराचं लोखंडी फाटक होतं. काकांनी ते हलकेच लोटलं. ते उघडलं, पण त्याचा आवाज झाला नाही.

"पहिल्या दिवशी केवढं किंचाळलं होतं हे," काका कुजबुजले. "वाटलं, हिने ऐकलंच. मग आपलं आपणच गप्प झालं. लोखंडालाही दया येत असेल."

ते गाडी घेऊन पुढे गेले. मिस्त्री मागे थांबला. न सांभाळलेलं लोखंड आपलं आपण गप्प होत नाही, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार? त्याने बिजागरीला बोट लावलं. बोट ओलं झालं. त्याने ते नाकाशी नेलं. गाडीचं तेल नव्हतं ते. स्वयंपाकाचं होतं, आणि ताजं होतं.

त्याने वर पाहिलं. स्वयंपाकघराच्या खिडकीत काकू त्यांच्याकडे पाठ करून उभ्या होत्या. नळ पूर्ण सोडलेला होता, आणि त्याखाली त्या एक लखलखीत पातेलं घासत होत्या.

"काय झालं?" काकांनी दबक्या आवाजात विचारलं.

बिजागरीखाली फरशीवर तेलाचे थेंब पडले होते. मिस्त्रीने पायाने त्यांच्यावर माती ओढली.

"काही नाही," तो म्हणाला. "फाटक चांगलं आहे. त्याला हात लावू नका."