खंडेनवमीचा फोटो

सुशांत गायधनी ज्या कंपनीत बारा वर्षं नोकरी करत होता तिचं अरबी नाव इतकं लांब होतं की पाटीवर मावावं म्हणून अक्षरं बारीक करावी लागली होती. पाटी वाचायला कोणी थांबत नसल्यामुळे त्याचा त्रासही कोणाला नव्हता. सौदीतल्या हुफूफ शहरात, कारखान्यांच्या भागात तिला सगळे नुसतं ‘वर्कशॉप’ म्हणत. तिथे कंट्रोल पॅनल बनत, म्हणजे कपाटाएवढी लोखंडी पेटी, आत वायरींचं जंगल, आणि मधोमध एक करडा डबा. पंपांनी कधी चालायचं आणि कधी गप्प बसायचं हे तो डबा सांगे. बाकीचं पॅनल त्याच्या सरबराईला.

या डब्याबद्दल तीन सरकारांची तीन मतं होती. अमेरिकेचं म्हणणं, डबा चिनी नसावा. त्यात चालणारं सॉफ्टवेअर अमेरिकन होतं आणि चिनी डब्यात ते सापडलं तर तिकडे खटले भरले जात. सौदीचं म्हणणं, डबा होता होईल तो इथेच बनलेला असावा, नाहीतर सरकारी टेंडरच्या वाटेला जाऊ नये. चीनचं म्हणणं, डबा कुणालाही विका, पण परदेशी तपासनिसांपुढे आमच्या माणसाने तोंड उघडलं तर गाठ आमच्याशी आहे. तिन्ही मतं आपापल्या जागी रास्त होती. अडचण एवढीच की डबा एकच होता आणि तो शेन्झेनला बनत होता.

वर्कशॉपने यावर शांतपणे तोडगा काढला होता. डबा शेन्झेनहून निघे, मलेशियातल्या एका गोदामात अकरा दिवस हवा खाई, आणि मग हुफूफला येई. इथे सुशांत हेअर ड्रायरने त्याच्या पाठीवरची चिनी पट्टी गरम करून सोलून काढी आणि ‘हुफूफ, सौदी अरेबिया’ अशी नवी पट्टी लावी. नोंदणी झालेला इंजिनिअर तोच, म्हणून मूळ देशाच्या दाखल्यावर सहीही त्याचीच. पहिली सही करताना त्याने खोलीचं दार लावून घेतलं होतं. दहाव्या वेळी तो सही करता करता फोनवर बायकोला, मुग्धाला, कोथिंबिरीचा भाव विचारत होता.

आता मात्र हे सगळं संपत आलं होतं. सात डिसेंबरचं दम्माम ते मुंबई तिकीट काढून झालं होतं. फायनल एक्झिट, म्हणजे इकामा, इथे राहण्याचा परवाना, परत देऊन कायमचं घरी. मुग्धा आणि लेक ईशा दोन वर्षांपूर्वीच नाशिकला गेल्या होत्या. गेल्या भेटीत ईशा त्याच्या खांद्याला लागत होती, आता म्हणे कपाळापर्यंत आली होती. तिने त्याच्याहून उंच व्हायच्या आत घरी पोचायचं, एवढीच त्याची महत्त्वाकांक्षा उरली होती.

आणि मग खंडेनवमी आली.

सुशांतचे वडील सातपूरच्या कारखान्यात लेथवर होते. खंडेनवमीला यंत्राला हळदकुंकू लावल्याखेरीज ते बटणाला हात लावत नसत. सुशांतनेही इथे बारा वर्षं हा नेम चुकवला नव्हता; फक्त घंटा नाही, दिवा नाही, दार लावून घ्यायचं आणि पॅनलच्या आत चिमूटभर कुंकू. फूल मिळेलच असं नसे, मग नैवेद्याला खलास जातीचा खजूर. एक गोष्ट मात्र तो कटाक्षाने पाळी. पूजा नेहमी पट्टी सोलायच्या आधी करायची. संकल्पात नाव-गोत्र खरं सांगावं लागतं, खोट्या नावाने केलेली पूजा पोचत नाही, अशी त्याची समजूत होती. वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस तो डबा हुफूफचा असे. खंडेनवमीला तेवढा तो शेन्झेनचा.

त्या सकाळी खोलीत तिघं होते. सुशांत, चिनी कंपनीचा इंजिनिअर लिऊ, आणि मुस्तफाभाई. मुस्तफाभाई रत्नागिरीचे. वर्कशॉपच्या सगळ्या लोकांचे इकामे, व्हिसे आणि सरकारी कचेऱ्यांतली कामं तेच बघत. पूजेला उभे राहात नसत, पण दाराशी पहारा आनंदाने देत.

लिऊ आठ महिन्यांपासून इथे होता. त्याने कुंकवाच्या डबीकडे बघून विचारलं, “हे मशीनलाच की मलाही?”

“तुलाही,” सुशांत म्हणाला, “तूपण त्याच कारखान्यातून आलास.”

लिऊने डोळे मिटून कपाळ पुढे केलं.

“थांबा, थांबा, फोटो काढतो,” मुस्तफाभाई म्हणाले. “गायधनी साहेब, हसा जरा. पूजा आहे, मयत नाही.”

फोटोत सुशांत लिऊच्या कपाळाला बोट लावतो आहे, लिऊ हसतो आहे, आणि दोघांच्या मधोमध करडा डबा, कुंकू लावलेला. मुस्तफाभाईंचा फोन चिनी होता आणि कॅमेरा अव्वल. डब्याची पाठ नेमकी कॅमेऱ्याकडे होती, आणि तिच्यावरच्या पट्टीवरचा सिरियल नंबर सहज वाचता येत होता.

सुशांतने तो फोटो ‘गायधनी परिवार’ या ग्रुपवर टाकला. एकतीस जणांनी हात जोडले. एका मावशींनी तो आपला डीपी करून टाकला. पुतण्या चैतन्य हिंजवडीला आयटीत होता, त्याने ‘संस्कृतीला सीमा नसतात’ असं वर लिहून तो नोकरीधंद्याच्या लोकांच्या साइटवर चढवला. तिथे तो दोन हजार लोकांना आवडला. त्या दोन हजारांत अमेरिकन सॉफ्टवेअर कंपनीतली तपासणी खात्याची एक बाईही होती. तिलाही आवडला असणार, कारण तिने तो सेव्ह केला.

सहाव्या दिवशी लिऊ कामावर आला नाही. त्याच्या खोलीत चार्जर भिंतीला तसाच होता आणि भाताच्या कुकरवर हिरवा दिवा जळत होता. चिनी कंपनीने कळवलं, ट्रेनिंगला बोलावलं आहे. चार दिवसांनी सुशांतने पुन्हा विचारलं तेव्हा उत्तर आलं की लिऊ नावाच्या कोणत्याही माणसाला आम्ही सौदीला पाठवलेलं नव्हतं, आपला काही गैरसमज होतो आहे, आपला दिवस चांगला जावो.

“ट्रेनिंग लांबलेलं दिसतंय,” मुस्तफाभाई म्हणाले. सुशांतने लिऊच्या खोलीत जाऊन कुकरचं बटण बंद केलं.

त्याच आठवड्यात लिऊच्या बायकोचा मेसेज आला. चिनीतून मशीनने केलेलं इंग्रजी होतं, पण अर्थ पोचत होता. माझा नवरा तुमचं नाव नेहमी घ्यायचा. कंपनी म्हणते तो तिकडे कधी आलाच नव्हता. तो तुमच्याबरोबर काम करत होता हे दाखवणारा एखादा फोटो तुमच्याकडे असेल तर कृपा करून पाठवा. मी तो घेऊन ऑफिसात जाईन.

सुशांतने फोटो निवडला. पाठवायच्या खुणेवर अंगठा नेला. तेवढ्यात अबू राकानच्या केबिनमधून बोलावणं आलं.

अबू राकान वर्कशॉपचा मालक. अत्यंत सभ्य माणूस. बारा वर्षांत त्याने आवाज चढवलेला कोणी ऐकला नव्हता. गरजच पडली नव्हती. त्याने स्वतःच्या हाताने अरबी कॉफीचा कावा ओतला, खजुराची बशी पुढे सरकवली आणि टेबलावर एक कागद ठेवला. ए-फोर आकारात छापलेला खंडेनवमीचा फोटो. सिरियल नंबराभोवती लाल वर्तुळ होतं.

“मुहंदिस सुशांत,” तो म्हणाला, कारण इंजिनिअरला तो मुहंदिस म्हणे, “तुझ्या देशात मशीनला रंग लावतात, हे मला माहीत नव्हतं.”

“वर्षातून एकदा.”

“सुंदर प्रथा आहे. पण अमेरिकन लोक पुढच्या महिन्यात ऑडिटला येतायत. त्यांना सुंदर वाटली नाही.”

“मी सगळी जबाबदारी घेतो. दाखल्यावर सही माझी आहे.”

“जबाबदारी कशाला घ्यायची, हबीबी? कुणाला नकोच आहे ती.” अबू राकानने दुसरा कागद काढला. “तीन देशांचे वकील आठ दिवस बोलत होते. तुला माहीत आहे, या लोकांचं कधी जमत नाही. पण यावर जमलं.”

कागद एका पानाचा होता. त्यात म्हटलं होतं की सोबतचं छायाचित्र संगणकाने बनवलेलं असून त्यात दिसणारी खोली, यंत्र, पट्टी आणि व्यक्ती प्रत्यक्षात अस्तित्वात नाहीत. खाली तांत्रिक तज्ज्ञ म्हणून सुशांत गायधनी, आणि एक ठिपक्यांची ओळ.

सुशांतने दोनदा वाचलं. “लिऊ तर खरा होता,” तो म्हणाला.

“त्याची कंपनी तसं म्हणत नाही. आपण त्यांच्याहून जास्त हुशार का व्हायचं?”

“त्याची बायको मला मेसेज करतेय.”

“बिचारी,” अबू राकान म्हणाला, आणि त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसलं. “चौकशी चालू असेपर्यंत तुझा एक्झिट थांबवलाय. मी नाही, सिस्टिमने. हा कागद गेला की चौकशी खलास. सात डिसेंबर ना तुझी?”

तारीख त्याला पाठ होती. सुशांतने कावा संपवला. आपण बारा वर्षं खोट्या दाखल्यांवर सह्या केल्या, त्यात ही एक, असं त्याने मनाशी म्हणून पाहिलं. ते बरोबर बसेना. त्या दाखल्यांत फक्त डब्याचं गाव बदलत होतं. मग त्याला ईशाची उंची आठवली, आणि त्याने सही केली.

केबिनबाहेर येऊन त्याने लिऊच्या बायकोला लिहिलं, ‘माफ करा, फोटो नाही.’ तिचं उत्तर लगेच आलं, ‘त्रास दिल्याबद्दल क्षमस्व.’ शिवी आली असती तर बरं, असं त्याला वाटलं.

पुढचा आठवडा घरच्यांकडून फोटो काढून घेण्यात गेला. चैतन्यने कुरकुरत पोस्ट उडवली. मावशी ऐकेनात.

“अहो, त्या म्हणतात, सुशांत किती छान दिसतो त्यात,” मुग्धा फोनवर म्हणाली. “आणि कोण तो चिनी, गोड हसतो. कसा आहे तो?”

“तो नाहीये.”

“गेला परत?”

“हो, तसंच काहीसं.”

“तुम्ही तरी या वेळेवर. ईशाने भिंतीवर रेघ मारून ठेवलीय तुमच्यासाठी.”

एक डिसेंबरला तो एक्झिटचा कागद घ्यायला मुस्तफाभाईंच्या टेबलाशी गेला. मुस्तफाभाईंनी कॉम्प्युटरवर त्याचा इकामा नंबर घातला. मग चष्मा पुसून पुन्हा घातला.

“साहेब, तुम्ही तो कागद नीट वाचला होता ना?”

“दोनदा.”

“त्यात व्यक्ती अस्तित्वात नाहीत असं होतं ना? व्यक्ती म्हणजे किती?”

इतके दिवस सुशांत फोटोत फक्त लिऊला बघत आला होता. ज्याच्या बोटाला कुंकू होतं त्या माणसाचा त्याने विचारच केला नव्हता.

“ऑफिसने ऑडिटवाल्यांना कामावरच्या लोकांची यादी दिलीय,” मुस्तफाभाई खालच्या आवाजात म्हणाले. “फोटोतल्या चेहऱ्याचं कोणी आमच्याकडे नाही आणि नव्हतं, असं लिहून. तुमचं नाव पगारपत्रकातून काढलंय. आता तुमचा एक्झिट काढायचा तर कंपनीने म्हणायला हवं की हा आमचा माणूस.”

“मग तुम्ही कसे यादीत?”

“मी फोटो काढत होतो, साहेब.”

अबू राकानने या वेळीही कावा स्वतः ओतला. “विमानतळावर तुझा चेहरा कॅमेऱ्यात येणार, मुहंदिस. नाव, फोटो, कंपनी, सगळं एका ओळीत. तुझीच सही खोटी पडेल, आणि खोट्या सहीला इथे तुरुंग आहे. मी तुला तिथे जाऊ देईन काय? ऑडिट संपेपर्यंत माझ्या इस्तिराहात, शहराबाहेरच्या बागेतल्या घरात, राहा. खजुराची बाग आहे, पोहायचा हौद आहे. फोन मात्र इथे ठेव. नसलेल्या माणसाचा फोन वाजला तर लोक प्रश्न विचारतात.”

“ऑडिट कधी संपेल?”

“इन्शाल्ला, लवकर.”

“घरी काय सांगू?”

“आम्ही सांगू,” अबू राकान म्हणाला. “त्यांनी फोन केला तर.”

मुस्तफाभाईंनीच त्याला गाडीने सोडलं. शहर मागे पडलं तशा दोन्ही बाजूंनी खजुराच्या बागा लागल्या, प्रत्येक बागेला उंच भिंत आणि भिंतीला लोखंडी दार. ऊन उतरलं नव्हतं तरी आतल्या वाटा काळोख्या होत्या. वाटेत मुस्तफाभाईंनी एकदाच तोंड उघडलं.

“मुग्धावहिनींना मी कळवीन काहीतरी.”

“खरं कळवा.”

“बघतो,” मुस्तफाभाई म्हणाले, आणि त्यांनी आरसा नीट केला. “माझीपण मुलं आहेत, साहेब.”

एका दाराशी गाडी थांबली. सुशांत बॅग घेऊन उतरला, आणि तो वळून बघेपर्यंत गाडी वळणाआड गेलेली होती. दार आतून उघडलं. स्लिपर घातलेला, दाढी वाढलेला एक कोरियन उभा होता. त्याच्या मागे अंगणात गालिच्यावर सात-आठ जण बसले होते. फिलिपिनो, इजिप्शियन, एक पाकिस्तानी, सगळे चाळिशी-पन्नाशीचे, सगळ्यांच्या बोटांना कायम हत्यारं धरल्याचे घट्टे. पत्ते वाटणं चाललं होतं. कोणी मान वर केली नाही.

“इथे लिऊ नावाचा कोणी आहे का?” सुशांतने विचारलं.

कोरियनने त्याच्या हातातली बॅग घेतली, तिचं वजन अजमावलं आणि दाराला आतून कडी घातली.

“ते नंतर बघू,” तो म्हणाला. “आधी सांग, तू कुठल्या कागदातला?”