यादीबाहेरची मुलगी

देवगडच्या बाजूला आमचं गाव आहे. तिथे मी नऊ वर्षं आशा कार्यकर्ती म्हणून काम करते. कुणाच्या घरी गरोदर बाई आहे, कुणाचं लसीकरण राहिलंय, हे मला वही न उघडता सांगता येतं. आपल्या गावातलं एकही मूल आपल्या नजरेतून सुटत नाही, असं मी मीटिंगमध्ये अभिमानाने सांगायचे.

गेल्या डिसेंबरात आरोग्य केंद्रातून निरोप आला. ज्या मुलांना वारंवार दम लागतो त्यांची यादी करा, फेब्रुवारीत तालुक्याच्या दवाखान्यात लहान मुलांचे डॉक्टर तपासायला येणार आहेत. मी चार दिवस वाड्या फिरले आणि चौदा नावं लिहिली.

दोन नावं लिहिली नाहीत. एक माझ्याच मुलीचं, अक्षयाचं. तिला पाचव्या वर्षापासून दमा आहे. कुडाळच्या डॉक्टरांकडे आम्ही गुपचूप नेतो, आणि सकाळ-संध्याकाळ ती पंप ओढते. मुलगी दमेकरी आहे हे गावात कळलं तर उद्या तिचं लग्न अडेल, असं माझ्या मनात पक्कं बसलं होतं. ती अजून नऊ वर्षांचीच आहे, तरीही.

दुसरं नाव अस्मिताचं. तिचे आईवडील नेपाळचे. आमच्याकडे आंब्याच्या बागा राखायला अशी बरीच कुटुंबं येतात, बागेतच पत्र्याच्या खोपीत राहतात, हंगाम संपला की जातात आणि पावसाळ्यानंतर परत येतात. त्यांना गावात सगळे गुरखेच म्हणतात, नावं कुणी विचारत नाही. मीही त्यांना गावच्या माणसांत धरलं नव्हतं.

अस्मिताची आई मनमाया यादीचं ऐकून माझ्या दारात आली होती. इतक्या वर्षांत तिला मराठी चांगलं जमायला लागलंय. लेकीला ती त्यांच्या भाषेत नानी म्हणते.

"ताई, नानीचं नाव लिहा ना. फवारणी झाली की तिला श्वास पुरत नाही. रात्रभर बसून असते."

"ही यादी गावातल्या मुलांची आहे," मी म्हटलं. "तुम्ही पावसाच्या आधी निघून जाता. पुढच्या तपासणीला कोण येणार?"

"खोकल्याचं औषध देते, त्याने काही होत नाही. डॉक्टर पंप देतात म्हणे. चांगला असतो?"

आणि मी म्हटलं, "नको. पंपाची सवय लागते."

त्याच सकाळी मी माझ्या हाताने अक्षयाला पंप दिला होता. मनमायाला टाळायचं होतं, म्हणून गावात लोक म्हणतात तेच तिच्या तोंडावर फेकलं. तिने मान हलवली. मी आशा होते ना. तिने माझ्यावर विश्वास ठेवला.

जानेवारीत माझ्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. दुपारचे चार वाजले असतील, ओटीवर सात-आठ बायका बसल्या होत्या. तेवढ्यात मनमाया अंगणातून धावत आली. कडेवर सहा वर्षांची अस्मिता. पोरीच्या गळ्याखाली खळगा पडत होता, ओठ काळसर झाले होते, आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता.

"अगो विनीता, गाडी बोलव आधी!" शेजारची काशीबाई ओरडली.

मी जितेंद्रला, माझ्या नवऱ्याला, फोन केला. त्याची रिक्षा आहे. "धा मिनटांत येतंय," तो म्हणाला. दहा मिनिटं काय असतात, हे मला अक्षयामुळे चांगलं ठाऊक होतं. पंप आतल्या कपाटात होता.

मी काय केलं ते सांगते. आधी मी बायकांकडे बघितलं. मग मनमायाला म्हटलं, "आत चल, इथे गर्दी नको." तिला आतल्या खोलीत नेलं आणि दाराला कडी घातली. कुणाला पंप दिसू नये म्हणून. पोरगी श्वासासाठी तडफडत होती आणि मी कडी नीट लागली की नाही ते बघत होते.

पंपाला नळी लावून मी अस्मिताच्या तोंडाला धरली. एकदा, दोनदा, मग थांबून पुन्हा. हळूहळू तिचे खांदे खाली आले. मनमाया तिची पाठ चोळत होती. पंपाचा खोका माझ्या हातून पलंगावर पडला होता. त्यावर डॉक्टरांनी अक्षयाचं नाव आणि वेळा लिहिल्या होत्या. मनमायाने खोका उचलला, सावकाश वाचला आणि माझ्या हातात दिला.

जितेंद्रची रिक्षा आल्यावर आम्ही तालुक्याचा दवाखाना गाठला. तिथे अस्मिताला वाफ दिली, इंजेक्शन दिलं. तासाभराने तिने पाणी मागितलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी विचारलं, "येण्याआधी पंप कोणी दिला?"

"ताईंनी दिला," मनमाया म्हणाली.

"छान केलंत हो. अशी आशा सगळ्या गावांना मिळायला हवी."

मला तिथेच सांगता आलं असतं. हिचं नाव मी यादीत घातलं नव्हतं, हिला पंप घेऊ नको असं मीच सांगितलं होतं. मी म्हटलं, "आमचं कामच आहे ते."

परतताना रिक्षात अस्मिता आईच्या मांडीवर झोपली. वळणावर मी हळूच म्हटलं, "मनमाया, माझं चुकलं."

ती बाहेर बघत होती. "तुमच्या नानीला सवय लागली का, ताई?"



दुसऱ्या दिवसापासून मी बागा फिरले. खोपीखोपीत जाऊन विचारलं. सहा मुलं निघाली. त्यातल्या एकाला त्याचे वडील तीन वर्षं फक्त काढा देत होते, कारण कुठे जायचं हेच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगायचं काम माझं होतं. सहाही नावं मी यादीत चढवली, अस्मिताचं सातवं आणि शेवटी अक्षयाचं. मनमायाशी मी कशी वागले ते सगळं आरोग्य केंद्रात डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "लेखी द्या." मी दिलं.

काशीबाईलाही अक्षयाचं सांगितलं. ती हसलीच. "माका कधीपासून म्हायत आसा गो. तुझा चेडू खोकता ता आमच्या पडवेत ऐकाक येता. दमो काय लपता?"

म्हणजे जे लपवायला मी ती कडी लावली, ते सगळ्यांना माहीतच होतं.

जूनमध्ये मनमायाचं कुटुंब गावी गेलं आणि ऑक्टोबरात परत आलं. अस्मिता आता रोज पंप घेते, शाळेत जाते, अंगानेही भरलीय. औषध संपत आलं की मनमाया तिला घेऊन थेट आरोग्य केंद्रात जाते, दोन मैल चालत. माझं घर त्याच रस्त्यावर आहे. मी ओटीवर असले तर ती "ताई" म्हणून मान लववते आणि न थांबता पुढे जाते. एकदा मी म्हटलं, "मी आणून देते ना औषध, कशाला एवढं चालतेस?"

"नको ताई," ती म्हणाली. "डॉक्टरांनाच विचारते मी."