डॉक्टरांच्या गाडीची पाटी

“दिवे तिचेच. काचाही तिच्याच. कमाल आहे!” मुंबईचे साहेब म्हणाले आणि हातातल्या कागदावर त्यांनी खूण केली. तो कागद विलायतेतल्या कारखान्यातून मागवलेला. चौपन्न साली ही गाडी तिथून निघाली तेव्हा तिला काय काय बसवलेलं होतं, ते सगळं त्यात लिहिलेलं.

डॉक्टरांची गाडी ती. डॉक्टर गेले आणि डॉक्टरीणबाई आता कायमच्या पुण्याला मुलीकडे निघालेल्या. साहेबांना जुन्या गाड्यांचं वेड. कागदाबरहुकूम जुळली तर विकत घेऊन जशीच्या तशी सांभाळीन, म्हणाले होते. आमचे हे तिचे ड्रायव्हर, मी त्याच घरात स्वयंपाकाला. सकाळपासून यांची छाती अशी फुगलेली की सदऱ्याची बटणं तुटतात की काय, असं मला वाटत होतं.

“आता नंबर,” साहेब म्हणाले. चासीवरचा नंबर खाऱ्या वाऱ्याने कधीच खाल्ला होता. “हरकत नाही. आत पितळी पाटी असते, तिच्यावर असेल.”

यांनी ऐटीत बॉनेट उघडलं. “बघा, आरशासारखी ठेवलीय!”

साहेबांनी पाटीवरून बोट फिरवलं. मग चष्मा काढून खाली वाकले. “भिकाजी, नंबर कुठाय?”

“हितंच होता वो.”

“ही पुसता कशाने?”

“आमसुलांनी. वर राख. दर शनिवारी... देवाची समई घासतात, तशी.” यांचा आवाज बसत गेला.

अरे देवा! ती आमसुलं मीच वाटीत घालून देत होते. वर ‘घाला सवतीला आंघोळ’ म्हणून चिडवायची. आता माझी मान वर होईना.

“पाटी कोरी. मग ही कागदातली तीच गाडी, हे मी कशावरून म्हणू?” साहेब रागावलेसुद्धा नाहीत. “माझ्याकडे अशीच एक आहे. तिचा नंबर शाबूत आहे, पण भाग मूळचे नाहीत. हिचे काढून तिला लावीन.”

“म्हणजे खोलणार हिला?” बाईंनी विचारलं. साहेबांनी मान डोलावली. बाई यांच्याकडे वळल्या. “असू दे, भिकाजी. तू काय मुद्दाम केलंस?”

“त्यापेक्षा चार शिव्या घाला वो, बाई,” हे म्हणाले. लाजेने यांचं तोंड एवढंसं झालं होतं. मला ते बघवेना.

गाडी गावातल्याच एका गॅरेजात खोलायची ठरली. हे म्हणाले, मीच नेतो.

“बाजारातून नको गो, सगुणा. मागल्या गल्लीनं जातो.”

सगळ्या बाजाराचे रामराम घेत गाडी हाकणारा हा माणूस! मला भडभडून आलं. दार उघडलं आणि सरळ यांच्या शेजारी जाऊन बसले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. हे बघतच राहिले.

“कोणी विचारलंन तर काय सांगू?”

“सांगा, बायकोला फिरवतोय.”

वाटेत कोणी विचारलं नाही. गॅरेज जवळच होतं. यांनी दुसऱ्या गिअरच्या वर गाडी नेलीच नाही, तरी ते आलंच.