वाटेवरचे राळे

टिक्. पुन्हा टिक्. दुपारच्या निजलेल्या घरात पितळी वाटीत एकेक दाणा पडत होता.

गोजरच्या मांडीवर दोन तान्ही होती. एक तिचं आणि एक थोरल्या जावेचं, शेवंताचं. शेवंता बाळंतपणात गेली, त्याला महिना झाला. दोघं एकाच अंगावर पिऊन झोपली होती. त्यांना हळूच गोधडीवर ठेवून गोजर ओसरीत आली. शेवंताची सहा वर्षांची कौसी मातीत मिसळलेले राळ्याचे बारीक दाणे निवडून वाटीत टाकत होती.

"कुठनं आणलंस गं?"

"मसणवाटंवरनं. आजीनं टाकल्यात."

पाथर्डीकडच्या त्या गावात बाळंतीण गेली की तिच्या वाटेवर राळे फेकत. ती अळवंत, म्हणजे बाळंतिणीचं भूत, होऊन घराकडं निघते, पण आधी सगळे दाणे मोजावे लागतात. तोवर उजाडतं आणि ती मागं फिरते, असा समज. साल दुष्काळाचं, घरात रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी. तरी सासूनं, छबूबाईनं, राळ्यांचं मडकं राखून ठेवलं होतं. कालच्या अमावस्येला तिनं पुन्हा मुठी भरभरून फेकले होते.

वाटी पाहून छबूबाई कौसीपासून लांबच बसली. "पोरीला लागीर झालंय. उद्या देवरशाकडं न्यायची. वेताचे फटके बसल्याबिगर उतरायचं न्हाई."

"आत्ती, लेकरू हाय ते."

"तू गप. दुधावर हाईस, आधी तुलाच धरील ती."

कौसी चार दिवस शाळेत आली नाही म्हणून योहान गुरुजी चौकशीला आले, ते याच बोलण्यावर. सगळं ऐकून ते ओट्यावर टेकले.

"छबूबाई, भूत म्हणजे काय, ठाऊक आहे?"

"तुमच्या शाळंत भुताचाबी धडा हाय व्हय?"

गुरुजी हसले. "भूतकाळाचा आहे. भूत म्हणजे होऊन गेलेलं. संस्कृतातला जुना शब्द, 'भू' म्हणजे 'होणे', त्यातूनच आलेला. जन्माला आलेला प्रत्येक जीव म्हणजेही भूत. म्हणून तर मुक्या जनावराला पाणी पाजलं की भूतदया म्हणतो. शेवंता होऊन गेली, एवढंच."

"तुमचा शब्द ग्वाड हाय, गुरुजी. पर मला ती रोज दिसती. दाराशी हुभी ऱ्हाती."

"काय म्हणते?"

छबूबाई पदराचा काठ चोळू लागली. "म्हनती, आत्ती, गाडी जुपा." तिनं दाराकडं बघितलं. "दोन दिस कळा देत हुती. दवाखान्यात न्या म्हनली. मीच म्हनलं, आमी समद्या घरातच बाळातीन झालो."

"मग हे राळे कुणाला अडवायला, छबूबाई?" गुरुजींनी हलकेच विचारलं.

गोजर हळू म्हणाली, "आत्ती, मला तर ती यावीशी वाटती. सांजच्याला मी केस सोडून बसती. तिच्यावाणी माझी वेणी कुणाला घालाया येती?"

छबूबाई उठली. आतून राळ्यांचं मडकं आणून तिनं गोजरपुढं ठेवलं. "शिजव. पोरांच्या पोटात जाऊ दे. पोरीला कुठं न्यायची न्हाई." आणि मग, तोंड फिरवून, "वाटंवर आता काय टाकायचं न्हाई."

आयाबायांनो, बाप्यांनो, आपल्याही गावात अशी एखादी वाट असेल. अडलेल्या बाईसाठी वेळेवर गाडी जुंपली जात नाही, आणि ती गेली की तिलाच भूत ठरवून आपण तिची वाट अडवतो. गाडी आधी जुंपा. आणि गेलेलीचं नाव तिच्या लेकरांना मोकळेपणानं घेऊ द्या.

गोजर मडकं घेऊन चुलीकडं वळली. कौसीची वाटीही तिनं मागितली, तर कौसीनं ती पोटाशी धरली.

"हे नगं, काकी. आईला इसाच्या म्होरं मोजाया येत न्हवतं. मला शंबरपत्तूर येतंय. मी मोजून दिले, तर चालंल का गं तिला?"