बारवेवरच्या सहा बायका

नेवाशाच्या वाचनालयात दर शनिवारी दुपारी चार माणसं जमत. जुनं नाटक किंवा कादंबरी निवडायची, पात्रं वाटून घ्यायची, ज्याचे त्याचे संवाद मोबाईलवर रेकॉर्ड करायचे आणि सगळं जुळवून इंटरनेटवर फुकट ऐकायला ठेवायचं, असा त्यांचा तीन वर्षांचा उद्योग. निवृत्त मुख्याध्यापक शामकांत सर पुस्तक निवडत, बँकेतली अपूर्वा आवाज जोडत असे. साखर कारखान्यातले मच्छिंद्र भरदार आवाजामुळे राजे आणि खलनायक करत. चौथी पंकजा, जवळच्या गावातली अंगणवाडी सेविका.

तीन वर्षांत पंकजाने चार दासी, एक भाजीवाली आणि कोर्टात साक्षीला आलेली एक खेडूत बाई केली होती. "तुमच्या तोंडी ते शोभतं," असं सर म्हणत, आणि मनापासून म्हणत. पंकजाला त्याचं वाईट वाटायचं असं नाही. पण त्या दासींचं बोलणं लिहिणाऱ्याने माजघरातून कानावर आलं तेवढंच लिहिलंय, हे तिला वाचताना कळत असे.

यंदा तिने स्वतः पुस्तक आणलं. वाचनालयाच्याच रद्दीत सापडलेलं, कव्हर आणि सुरुवातीची पानं गेलेलं. गोष्ट एका उन्हाळ्याची. बारवेला पाणी झिरपेपर्यंत पायऱ्यांवर बसून राहणाऱ्या सहा बायका आणि त्यांचं बोलणं, एवढंच त्यात होतं. तिने एक पान वाचून दाखवलं. मच्छिंद्रांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"चांगलं आहे," सर म्हणाले, "पण भाषा फारच ग्रामीण. बाहेरच्या माणसाला झेपेल का? आणि लेखक वारला कधी?"

नियम सरळ होता. लेखकाला जाऊन साठ वर्षं उलटलेली हवीत, नाहीतर वारसांची लेखी परवानगी. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर फक्त 'भीमाजी मास्तर, मु. पो. जामखेड' एवढंच छापलं होतं. सरांच्या मनात शंभर वर्षांपूर्वीचं एक सामाजिक नाटक होतं. ठरलं असं, की महिनाभरात मास्तरांचं साल कळलं आणि ते नियमात बसलं तर पंकजाचं पुस्तक, नाहीतर सरांचं नाटक.

प्रशिक्षणात ओळख झालेली निकिता जामखेडला अंगणवाडीत होती. तिने दोन दिवसांत घर शोधून काढलं. रविवारी पंकजा एसटीने गेली.

मास्तरांची सून राहीबाई ओट्यावर तूर निवडत बसली होती. पंचाहत्तरी ओलांडलेली, अक्षरओळख नसलेली. पुस्तक तिने उलटंपालटं करून पाहिलं आणि परत दिलं.

"सासूबाई सांगायच्या. बाया बारवंवर बसल्या की मास्तर वरच्या पायरीवर वही घेऊन बसायचे. बायांना वाटायचं, पोरांचे पेपर तपासत्यात."

"आजी, मास्तर कधी गेले?"

"साल कुठं ध्येनात ऱ्हातंय, बाई. मोठ्या दुष्काळाच्या आदी. माझा सुनील पोटात हुता तवा."

सुनील आत जेवत होता. पंकजाने त्याला जन्मसाल विचारलं. "अडुसष्टचा मी. दिवाळीतला," तो म्हणाला.

पंकजाने मनात हिशेब केला. मास्तर अडुसष्टात गेले, आणि साठ वर्षं त्यापुढच्या जानेवारीपासून मोजायची; म्हणजे पुस्तक मोकळं व्हायला दोन हजार एकोणतीस उजाडावं लागणार होतं. मग तिने परवानगीचं विचारलं.

"आमची सही घ्या की," सुनील म्हणाला. "पर चुलत्याच्या घरची लागंल, ती न्हाई मिळायची. हिरीच्या पान्याच्या पाळीवरनं बोलनं बंद हाय. आमी काय इचारायला जानार न्हाई."

पंकजा स्वतःच गेली. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला घर होतं. तिथल्या माणसाने पाणी दिलं, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यांनी सही दिली का?"

"देतो म्हणालेत."

"मग आमची न्हाई."

परतीच्या एसटीत तिला खिडकीची जागा मिळाली. कुठल्या दप्तरात मास्तरांची नोंद शोधायला कुणी जाणार नव्हतं. चौसष्ट साल सांगितलं असतं तर पुस्तक नियमात बसलं असतं आणि सरांनी तसंच वहीत लिहिलं असतं. चार वर्षांनी कुणाचं काय बिघडणार होतं? नगर येईपर्यंत ती हाच विचार करत होती. स्टँडवर उतरून तिने चहा घेतला आणि नेवाशाची गाडी धरली.

शनिवारी तिने अडुसष्ट साल सांगितलं, सहीचंही सांगितलं.

मग मच्छिंद्र म्हणाले, "म्हातारीला साल नक्की आठवत नाही म्हणालात ना? मग चार वर्षं इकडंतिकडं..."

"तिला आठवत नाही. पण मला आता माहीत झालंय ना."

सरांनी नाटकाच्या प्रती वाटल्या आणि पात्रं सांगायला सुरुवात केली. दासीपाशी येऊन त्यांनी सवयीने पंकजाकडे पाहिलं.

"दासी मी नाही करणार, सर," ती म्हणाली. "मला वकिलाची आई द्या."

"तिची भाषा फार संस्कृतप्रचुर आहे हो, पंकजाताई."

"वाचता येतं मला."

"मग दासी मी करते," अपूर्वा म्हणाली. सरांनी वहीत तशी नोंद केली.

रेकॉर्डिंगला दोन महिने लागले. आईच्या रागाच्या प्रसंगात पंकजाचा 'ण' हमखास 'न' व्हायचा. सरांनी तो प्रसंग अकरा वेळा करून घेतला आणि तिने न कुरकुरता अकराही वेळा केला. दासीचे संवाद तिने अपूर्वाला घोकून घोकून शिकवले. नाटक मार्चमध्ये निघालं. दासीची बोली नकली वाटते, असं सोलापूरहून एकाने कळवलं. आईबद्दल कुणीच काही लिहिलं नाही. पंकजाने ते प्रसंग स्वतः दोनदा ऐकले आणि तिला ते बरे वाटले.

एप्रिलमध्ये ती पुस्तक घेऊन पुन्हा जामखेडला निघाली. घरात बसून एखाद्याला वाचून दाखवायला कुणाची सही लागत नव्हती. शामकांत सर आपण होऊन म्हणाले, "मीही येतो." पुस्तकात पुरुषाचं पात्र एकच होतं, पाण्याची वेळ विचारून जाणारा वाटसरू, आणि त्याला चार वाक्यं होती. ती सरांनी एसटीत पाठ केली.

राहीबाईच्या ओट्यावर निकिता आणि शेजारच्या चार बायका बसल्या. वही नव्हती, मोबाईल पिशवीत होता. सहा बायकांचे संवाद पंकजा आणि निकिता आळीपाळीने वाचत होत्या. राहीबाई मान खाली घालून ऐकत होती. तिसऱ्या पानावर तिने हात वर केला.

"थांब. ही माझी चुलतसासू. अशीच बोलायची ती. लई खवाट बाई."

"पुढं वाचू?"

"वाच की."

वाटसरूची वाक्यं आली तेव्हा सरांनी ती वर्गात वाचावीत तशी खणखणीत म्हटली. बायका हसल्या. सरही जरा हसले. अर्धं पुस्तक झालं आणि पाचची गाडी चुकेल म्हणून त्यांना उठावं लागलं. उरलेलं कधी, असं राहीबाईने विचारलं. पुढच्या महिन्यात, पंकजा म्हणाली, आणि जिथे थांबले होते त्या पानाचा कोपरा तिने दुमडला.